चूक वाटू नकोस, शोध

बाळा,

काल फोनवर तू दोन गोष्टी विचारल्यास. हे जमीन मोजणीचं काम सोडून ऐरोलीत एसीत बसून नकाशे काढायची नोकरी धरू का, ही पहिली. आणि फोन ठेवता ठेवता, "काका, भिंतीवरच्या फोटोतली ती गाडी तुम्ही का विकलीत?" फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

नोकरीचं उत्तर आज देणार नाही. तुझा खरा प्रश्न नोकरीचा नाहीच, तो अडतीस सेंटिमीटरचा आहे.

शीळफाट्याजवळच्या त्या प्लॉटभोवती तू बाराशे मीटरचा ट्रॅव्हर्स, म्हणजे खुंटीमागून खुंटी मोजत जाणारी साखळी, फिरवलास आणि पहिल्या खुंटीवर परत आलीस तेव्हा अडतीस सेंटिमीटर जुळेनात. तीन हजारात एक. टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र, हातात असताना हे प्रमाण लाज आणणारं आहे, हे तुलाही कळलं, म्हणून तर फोन केलास. तुझे वरिष्ठ म्हणाले, "ऊन होतं, होतं असं. सॉफ्टवेअरमध्ये ॲडजस्ट मार आणि सोमवारी ड्रॉइंग पाठव."

ऊन अडतीस सेंटिमीटर खात नाही गं! तापमान एक अंशाने चुकीचं भरलं तर किलोमीटरमागे साधारण एक मिलिमीटर जातो. दहा अंशांनी चुकलीस तरी सेंटिमीटरभर. एखाद्या बाजूला प्रिझमचा, म्हणजे ज्यावर किरण आपटून परत येतो त्या काचेचा, ठरलेला फरक (कॉन्स्टंट) बदलायचा राहिला तर तीन सेंटिमीटर. अडतीस म्हणजे कुठेतरी काहीतरी घडलंय. ते एका जागी घडलंय आणि ती जागा तुझ्या फील्डबुकात आहे.

त्या 'ॲडजस्ट'मागचा बॉडिचचा नियम वाईट नाही. हाताचा बारीक कंप, हवेची थरथर, पाणसळीचा बुडबुडा किंचित सरकलेला, असल्या कुणाच्याच नसलेल्या चुका प्रत्येक बाजूच्या लांबीच्या प्रमाणात वाटून टाकायला तो आहे. पण जी चूक एका खुंटीची आहे ती सगळ्यांत वाटलीस, तर बरोबर मोजलेल्या बाजूसुद्धा तू स्वतःच्या हाताने बिघडवल्यास. वर नकाशा शंभर टक्के जुळलेला दिसणार. पुढे कुणी तपासायला बसला तरी त्याला काही सापडणार नाही, कारण तू माग पुसून टाकलेला असणार. चूक वाटू नकोस. शोध.

तुझा दिवस कसा जातो ते मला ठाऊक आहे. नोटीस देऊनही लगतधारक, म्हणजे शेजारच्या जमिनीचे मालक, येत नाहीत आणि आले तर भांडायलाच येतात. सोसायटीचा वॉचमन ट्रायपॉड गेटच्या आत नेऊ देत नाही. घोडबंदरच्या काचेच्या टॉवरांशेजारी उपग्रहावरून जागा सांगणारा रोव्हर तासभर 'फ्लोट', म्हणजे 'अजून पक्कं नाही', दाखवत बसतो. नेमका रेषेत येऊन टेम्पो थांबतो आणि ड्रायव्हर चहाला जातो. खाडीकडच्या भरावावर ट्रायपॉडचा पाय तुझ्या डोळ्यांदेखत बसत जातो. संध्याकाळी सहाला ज्याने तुला चिखलात उतरवलं तोच विचारतो, ड्रॉइंग कुठंय. अशा दिवसानंतर 'ॲडजस्ट' हे बटण किती गोड वाटतं, ते मला सांगू नकोस. मीही तिथेच उभा राहिलोय.

आता गाडी. तिचा याच्याशी संबंध आहे, म्हणून सांगतो.

ती एमजीए होती, उघडी स्पोर्ट्स कार. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९५५ ते १९६२ या काळात लाखावर बनल्या, बहुतेक अमेरिकेला गेल्या. त्यातली एक पाचपाखाडीतल्या एका जुन्या बंगल्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सडत होती. घरच्यांनी ती मला भंगाराच्या भावात दिली. दोन माणसांची, बुटकी, बसलं की रस्ता कमरेपाशी. दाराला बाहेरून हँडलच नाही. हात आत घालायचा, दाराच्या कप्प्यातली दोरी ओढायची की दार उघडतं. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि अर्थिंग प्लसला. इंजिन मात्र आपल्या घरातलं निघालं. बीएमसीचं बी-सिरीज, १४८९ सीसी, अँबॅसिडरला होतं त्याच घराण्यातलं. कॉन्टॅक्ट पॉइंट आणि कंडेन्सर मी टॅक्सीवाल्यांच्या दुकानातून आणून बसवले. तेव्हा घोडबंदर रोड दुपदरी होता, वर झाडांची कमान, आणि रविवारी पहाटे गायमुखपर्यंत एखादाच ट्रक भेटायचा. तिसऱ्या गिअरमध्ये ती जो आवाज काढायची तो मला अजून ऐकू येतो.

पण ती पिकअपला अडखळायची. तिला पेट्रोल-हवा मिसळणारे दोन एसयू कार्बोरेटर. ठाण्यात जो मिस्त्री बघे तो पहिल्यांदा कार्बोरेटरच्या नटाला हात घाली, कारण तो नट वरच, बोटाशी. फिरवला की थोडं बरं वाटायचं, आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी चरईत एक म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांनी कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, आतला शाफ्ट दोन बोटांत धरला आणि आडवा हलवला. टक, टक. बुश झिजलं होतं. शाफ्ट डुलत होता, पॉइंटची गॅप प्रत्येक फेऱ्यात वेगळी पडत होती. "इथे आजार आहे, आणि सगळे औषध तिकडे देतायत," म्हणाले. नवं बुश ठोकलं, मग टॅपेट, मग टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोन्हीकडची फुसफुस सारखी येईपर्यंत. त्याआधी सगळ्यांनी दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी अगदी छान जुळवले होते. दोन्ही सारखेच चुकलेले.

त्या दुपारपासून माझं कामच बदललं. जो स्क्रू बोटाशी आहे तो फिरवायचा नाही. आजार जिथे आहे तिथे जायचं.

आणि ती विकली, तेही यापायीच. नवी मुंबईत एका गावठाणाला लागून लेआउटचं काम होतं. नवी मुंबई वसवायला सरकारची सिडको १९७० मध्ये आली, ९५ गावांच्या जमिनी शहरात गेल्या, १९८४ च्या जानेवारीत उरण भागात शेतकऱ्यांच्या आंदोलनावरच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याची वाट उघडली. त्या भागात हद्दीची रेघ काय असते हे मी तुला सांगायला नको. आमचं ट्रॅव्हर्स जुळेना. मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं तर डंपरने एक खुंटी उडवली होती आणि मजुरांनी मोठ्या प्रेमाने ती अंदाजाने परत ठोकली होती. मी म्हटलं, तेवढा भाग पुन्हा मोजू. ज्यांचं काम होतं ते म्हणाले, वाटून टाका. मी सही केली नाही. माझी आधीची बिलंही अडकली, कितीतरी महिने नवं काम मिळालं नाही, घराचे हप्ते तर चालूच. गाडी पुण्याच्या एका शौकिनाने नेली.

नकाशाचं काय झालं विचारशील. दुसऱ्या कुणीतरी सही केली, त्याच आठवड्यात. म्हणजे माझ्या हट्टाने कुणाचं अंगणही वाचलं नाही. घरी तेव्हा हे पटलं नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. "एका सहीचा प्रश्न होता," असं मला अजून ऐकवतात. ऐकवू देत. त्या रेघेखाली माझं नाव नाही. गाडीची आठवण येते तेव्हा मला वाईट वाटतं, फार वाईट वाटतं, पण सहीचं एकदाही वाटलेलं नाही. मी हे तुला पटवतोय की स्वतःला, असं तुझ्या मनात येईल. येऊ दे. दोन्ही असेल.

अडतीस सेंटिमीटर म्हणजे किती ते एकदा मांडून बघ. रस्त्याकडेची हद्द शंभर मीटर धरली तर अडतीस चौरस मीटर, चारशे चौरस फुटांच्या वर. ठाण्यात एवढ्यात कुटुंब राहतं. आपले जुने टिपण, म्हणजे मोजणीची नोंद, काढणारे तेहतीस फुटी शंकू साखळी ओढत चिखलातून गेले, साखळीचे सोळा आणे धरून अंतरं लिहिली. त्यांच्याही चुका आहेत. पण त्यांनी प्रत्येक रेघेचं मोजलेलं माप जसंच्या तसं लिहून ठेवलं, म्हणून कुठली रेघ चुकली ते आजही पकडता येतं. १८०८ साली तंजावरच्या देवळावर चढवताना भारताची मोजणी करणाऱ्या लॅम्बटनचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दोर तुटून भिंतीवर आदळला. कोन वाचायचं वर्तुळ वेडंवाकडं झालं. तो तंबूत बसून आठवडेच्या आठवडे ते मूळ आकाराला आणत राहिला. बिघडलेल्या वर्तुळावर पुढे जाऊन नंतर आकडे जुळवणं त्यालाही जमलं असतं.

तेव्हा आता रडणं पुरे. वही उघड. पहिल्यांदा प्रत्येक बाजूचं जाताना मोजलेलं अंतर आणि पुढच्या खुंटीवरून मागे बघून मोजलेलं अंतर शेजारी शेजारी लिही. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथली खुंटी मधल्या वेळात हलली आहे. जेवणाच्या सुट्टीआधी पाहिलेली आणि सुट्टीनंतर यंत्र लावलेली खुंटी कोणती, ते आधी बघ. साइटवर जेसीबी होता म्हणालीस ना? तिथे काही निघालं नाही तर उरलेल्या फरकाची दिशा काढ. त्याच दिशेची जी बाजू असेल तिचं अंतर चुकलेलं असू शकतं. तेही नसेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या बिंदूला जोडणाऱ्या रेघेचा लंबदुभाजक टाक. तो ज्या स्टेशनाजवळून जाईल तिथला कोन संशयित. दोन्ही फेसची, म्हणजे दुर्बीण सरळ आणि उलटी करून, रीडिंग नव्याने घे. प्रिझमची उंची टेपने मोज, काठीवरचा आकडा वाचून भरू नकोस.

वरिष्ठांना आजच मेसेज टाक की एक बाजू परत मोजायची आहे, ड्रॉइंग मंगळवारी मिळेल. कारण लिही, माफी मागू नकोस. ओरडले तर ओरडू देत. नोकरीचं मंगळवारनंतर बोलू, त्याआधी तो विषय काढलास तर मी फोन ठेवून देईन.

रविवारी सकाळी सातला शीळफाट्याच्या पुलाखाली थांब. प्रिझम मी धरतो. यंत्रावरची छत्री आण, दोन बॅटऱ्या रात्रीच चार्जिंगला लाव, आणि डबा माझ्यासाठीही घे, काकू माहेरी गेलीय.

तुझा,
काका