बागेतली विदेशी झाडं काढून देशी लावायची आहेत (पुणे), सगळी एकदम काढू का?

एकदम नको. ओकी जमीन उन्हात तापते आणि पहिल्या पावसात माती वाहून जाते.

आधी घाणेरी मुळासकट उपटा. तिची फळं पक्षी खातात आणि बी टेकडीवर पोचतं, त्यामुळे फळं धरायच्या आत काढलेली बरी. ड्युरांटाचं कुंपण टप्प्याटप्प्याने काढून तिथे अडुळसा, निर्गुडी, कोरांटी लावा. जून-जुलैत लावलीत तर पावसावरच रुजतात, पुढचा एक उन्हाळा मात्र पाणी द्यावं लागतं. ऊन भरपूर असेल तर धायटी हवीच; हिवाळ्यापासून लाल फुलांनी भरते आणि शिंजीर पक्षी दिवसभर घिरट्या घालतात. कढीपत्ता, लिंबू ठेवा. २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं निलवंत लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालतं. अळ्या पानं कुरतडतील, औषध मारू नका. (मग फुलपाखरं कुठून येणार?)

पांढरा चाफा आणि जास्वंदीला हात लावू नका. हा चाफा मूळचा अमेरिकेतला खरा, पण तो आपणहून रानात पसरत नाही. माझ्या मते शुद्धतेचा एवढा हट्ट नको.

रोपं घेताना ‘देशी’ या पाटीवर विसंबू नका, नर्सरीत गुलमोहरही देशी म्हणून खपवतात. तो मादागास्करचा.