व्हिएतनामची कला आणि तेथील रोजचे जगणे कसे वाटले? ते पाहण्यासाठी कोठे जावे?

आपण विचारले आहे की, व्हिएतनामला जाण्याचा बेत आहे, परंतु युद्धाची स्मारके आणि हालाँगचा उपसागर यांपलीकडे तेथील चित्रकला आणि सामान्य माणसांचे जगणे मुद्दाम पाहण्यासारखे आहे का. माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. उत्तर व्हिएतनाममध्ये, म्हणजे हनोई आणि लाल नदीच्या खोऱ्यात, फिरताना मला वारंवार जाणवले की तेथील कला ही दमट हवेची आणि पाण्याची कला आहे. हे ध्यानात ठेवून पाहिले, तर संग्रहालयातील चित्रे आणि बाहेरच्या पदपथावरील जीवन या दोन वेगळ्या गोष्टी वाटत नाहीत.

सुरुवात हनोईच्या ललित कला संग्रहालयापासून करावी. 1966 साली सुरू झालेले हे संग्रहालय एका फ्रेंचकालीन इमारतीत आहे आणि प्रसिद्ध साहित्य मंदिरापासून, म्हणजे कन्फ्यूशियसच्या प्राचीन देवालयापासून, अगदी जवळ आहे. पर्यटक साहित्य मंदिरात गर्दी करतात आणि संग्रहालय पाहायचे राहून जाते, याची मला मनापासून खंत वाटते. येथील आधुनिक चित्रांची मुळे 1925 साली हनोईत सुरू झालेल्या कलाशाळेत आहेत. फ्रेंच चित्रकार व्हिक्टर तार्दिय आणि व्हिएतनामी चित्रकार न्गुयेन नाम सोन यांनी ती उभी केली. तेथे युरोपीय पद्धतीचे रेखाटन आणि तैलरंग शिकवले जात, पण त्या शाळेतून बाहेर पडलेल्या पिढीचे खरे कर्तृत्व असे की तिने तैलरंगांवर न थांबता रेशीम आणि झाडाचा चीक ही आपल्याच मातीतील माध्यमे हाती घेतली. त्रान वान कान यांनी 1943 साली रंगवलेले ‘एम थुई’ हे आपल्या लहान भाचीचे तैलचित्र तेथे आहे. वेताच्या खुर्चीत बसलेल्या त्या मुलीच्या सरळ नजरेसमोर मी बराच वेळ उभा होतो. तरीही मला अधिक गुंतवून ठेवले ते शेजारच्या दालनांतील लॅकरच्या चित्रांनी, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

लॅकर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सावंतवाडीची खेळणी येतात, पण त्यांवरची लाख किड्यापासून मिळते. व्हिएतनामी लॅकर हा झाडाचा चीक असतो आणि फू थो प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. शतकानुशतके तो देवळांचे खांब, मूर्ती आणि डबे यांवर चढवला जात होता. त्यातून भिंतीवर लावण्याजोगे चित्र घडवणे ही विसाव्या शतकातील गोष्ट आहे. लाकडी फळीवर कापड चिकटवून, चीक आणि माती यांचे थर देऊन प्रथम गुळगुळीत पृष्ठभाग तयार करतात. मग रंगाचे थर चढू लागतात. चीक मुळातच तपकिरी असल्यामुळे त्यात शुभ्र पांढरा रंग मिळत नाही, म्हणून जेथे पांढरे हवे तेथे अंड्याच्या कवचाचे बारीक तुकडे एकाशेजारी एक बसवतात. चकाकी हवी तेथे सोन्याचा किंवा चांदीचा वर्ख लावतात. हनोईजवळच्या एका कार्यशाळेत मी एका कारागीर बाईंना हे कवच बसवताना पाहिले. बोटाने तुकडा दाबून धरायचा, हलकेच ठोकून त्याला तडे पाडायचे आणि ते तडेच पुढे मुलीच्या पांढऱ्या झग्याच्या चुण्या होणार, हे त्यांना आधीच दिसत असावे, इतक्या सहजतेने त्या काम करत होत्या.

यानंतरची पायरी मला सर्वांत विलक्षण वाटली. एवढ्या कष्टाने बसवलेले सगळे चित्र लॅकरच्या थरांखाली झाकून टाकतात आणि मग पाणी लावून कोळशाने किंवा पॉलिश पेपरने घासत घासत ते पुन्हा वर आणतात. किती घासायचे आणि कोठे थांबायचे, यातच चित्रकाराचे कौशल्य असते, कारण एका जागी हात जास्त चालला तर खालचा वर्ख निघून जातो. आणि हे थर वाळतात ते उन्हात नव्हे. आपल्याकडे भर पावसाळ्यात दाराला दिलेला ऑइलपेंट दिवसेंदिवस चिकट राहतो, पण झाडाचा हा चीक घट्ट होण्यासाठी हवेत भरपूर ओल लागते आणि कोरड्या हवेत तो नीट वाळत नाही. हनोईच्या ज्या दमट हवेने आपण हैराण होतो, तीच हवा या चित्रकारांची सहकारी आहे, हे कळल्यावर माझी तेथील हवामानाविषयीची तक्रार संपली.

या माध्यमाचे सर्वांत मोठे नाव न्गुयेन जिया त्री. त्यांचे ‘उत्तर, मध्य आणि दक्षिणेची वसंतबाग’ हे नऊ फळ्यांचे भव्य चित्र हो ची मिन्ह शहराच्या ललित कला संग्रहालयात आहे. 2018 च्या सुमारास चुकीच्या पद्धतीने केलेल्या साफसफाईत त्याच्या पृष्ठभागाला इजा झाली आणि त्यावरून देशभर हळहळ व्यक्त झाली. ज्या चित्राचा जन्मच नेमक्या घासण्यातून होतो, त्याला कोणी अजाणतेपणे पुन्हा घासले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. युद्धाचा विषयही या माध्यमात आला आहे. न्गुयेन सांग यांचे 1963 सालचे चित्र फ्रेंचांविरुद्धच्या दिएन बिएन फूच्या लढाईत खंदकात जखमी सैनिकाला साम्यवादी पक्षात प्रवेश देण्याचा प्रसंग दाखवते. विषय प्रचाराचा असला, तरी मंद सोनेरी तपकिरी रंगांमुळे ते प्रचारचित्राच्या फार पुढे जाते, असे माझे मत आहे.

रेशमावरील चित्रांत न्गुयेन फान चान्ह यांची चित्रे अवश्य पाहावीत. रंग लावायचा, रेशीम पाण्याने धुवायचे आणि पुन्हा रंग लावायचा, अशा रीतीने त्यांचे मातकट, शांत रंग धाग्यांत मुरलेले असतात.

पाण्याचे हेच नाते बाहुल्यांच्या खेळात उघडपणे दिसते. हा खेळ लाल नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांचा असून 1121 सालच्या एका शिलालेखात त्याचा उल्लेख आहे. होआन किएम तलावाच्या काठच्या नाट्यगृहात त्याचे रोज प्रयोग होतात. कलाकार पडद्याआड कंबरभर पाण्यात उभे राहून लांब काठ्यांनी बाहुल्या हलवतात, आणि हलक्या लाकडाच्या त्या बाहुल्यांवर लॅकरचाच लेप असतो, म्हणून त्या पाण्यात टिकतात. भातलावणी, मासेमारी, बदकांवर टपलेला कोल्हा, असे साधे प्रसंग असतात. प्रयोग पर्यटकांसाठी आटोपशीर केलेला असला तरी तो चुकवू नये.

हनोईपासून सुमारे 35 किलोमीटरवर बाक निन्ह भागात दोंग हो हे लाकडी ठशांच्या चित्रांचे गाव आहे. तेत या नववर्षाच्या सणाला घरोघरी ही चित्रे लावण्याची प्रथा होती. झाडाच्या सालीच्या कागदावर शिंपल्यांच्या भुकटीचा लेप दिलेला असतो, त्यामुळे तो किंचित चमकतो. काळा रंग बांबूच्या पानांच्या राखेचा, निळा निळीचा, पिवळा फुलांचा. पिल्लांसह डुकरीण, कोंबडी, आणि उंदरांचे लग्न ही नेहमीची चित्रे. शेवटच्या चित्रात वऱ्हाडी उंदीर वाट अडवलेल्या मांजराला भेटवस्तू देत आहेत, आणि अधिकाऱ्याला खूश ठेवल्याशिवाय सामान्यांचे कार्य पार पडत नाही, हे पाहणाऱ्याला लगेच कळते. आज हे काम मोजकीच कुटुंबे करतात. गावातील बाकीचे अनेक लोक पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू बनवतात: कागदी घरे, मोटारसायकली, मोबाईल. चित्रांची मागणी घटली, पण पितरांविषयीची श्रद्धा घटली नाही, म्हणून हातांचे कौशल्य तिकडे वळले. हनोईच्या हांग मा रस्त्यावर या वस्तूंचे ढीग दिसतात आणि जवळजवळ प्रत्येक घरात व दुकानात पितरांचा देव्हारा असतो, ज्यावर फळे, उदबत्ती आणि कधी कधी बिस्किटांचा पुडाही ठेवलेला असतो.

रोजच्या जगण्याविषयी म्हणाल, तर हनोईच्या जुन्या भागात पदपथ हेच दिवाणखाना आणि स्वयंपाकघर आहे. घरांची तोंडे अरुंद आणि खोली फार, त्यामुळे माणसे बाहेर येऊन बसतात. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून धातूच्या गाळणीतून थेंबथेंब गळणारी कॉफी पाहत राहणे हा तेथे वेळेचा अपव्यय मानला जात नाही. तळाशी घट्ट गोड दूध असते, कारण ताजे दूध दुर्मीळ होते त्या काळात पडलेली ही सवय आहे. याच गल्ल्या बुई सुआन फाय यांनी आयुष्यभर रंगवल्या. टंचाईच्या काळात त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदांवरही चित्रे काढली. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरायला 1984 साल उजाडावे लागले, आणि 1988 साली ते गेले. त्यांची वाकडी छपरे आणि रिकामे रस्ते संग्रहालयात पाहून मगच जुन्या भागात पहाटे फेरफटका मारावा. शाकाहारी असाल तर ‘कोम चाय’ अशी पाटी शोधावी. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी लोक स्वतःच मांसाहार टाळतात, त्यामुळे त्या दिवशी अशी दुकाने भरलेली असतात.

खरेदीबाबत एक सूचना. पर्यटकांच्या दुकानांतील बऱ्याचशा लॅकरच्या वस्तू झाडाच्या चिकाच्या नसून काजूच्या टरफलाच्या तेलापासून केलेल्या किंवा कृत्रिम लेपाच्या असतात. त्या वाईट असतात असे नाही, पण किंमत देताना विचारून घ्यावे.

मध्य व्हिएतनामची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे. तेथील चाम लोकांची मंदिरे विटांची, देव शिव आणि शिलालेख संस्कृतातही आहेत. मि सोन येथील मंदिरसमूहाची 1969 साली अमेरिकी बॉम्बहल्ल्यात मोठी हानी झाली. अलीकडच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने तेथे जतनाचे काम केले आणि 2020 साली त्या कामात नवव्या शतकातील एकसंध शिवलिंग सापडले. बहुतेक जण थेट मि सोनला जातात आणि रिकामे गाभारे पाहून निराश होतात. त्याऐवजी दा नांगचे चाम शिल्प संग्रहालय आधी पाहावे, कारण मि सोनच्या अनेक उत्तम मूर्ती आणि पीठे या संग्रहालयातच ठेवलेली आहेत. ती पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, मि सोन गाठावे.