कामाला लागेपर्यंत ती तुझीच

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा आलं नाही. अर्धं पत्र दानशूर उद्योजकांवर, अर्धं पलंगाखालच्या तीन खोक्यांवर, आणि मधोमध ती ओळ: त्यांच्यापुढे माझं हे बरण्या जमवणं म्हणजे पोरखेळ. पोरखेळच आहे, वादच नाही. पण तू समजतेस त्या कारणाने नव्हे. त्यांचा आकडा मोठा आणि तुझा लहान, हा मुद्दाच नाही. तुझ्या बरण्या अजून कशाच्याही कामाला लागलेल्या नाहीत, हा मुद्दा आहे.

वस्तू हातातून सुटली म्हणजे दिली असं होत नाही, आणि खोक्यात ठेवली म्हणजे वाचवली असंही होत नाही. ती पुन्हा कामाला लागेपर्यंत तुझीच, आणि तिचं ओझंही तुझंच. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

चक फीनी या अमेरिकी अब्जाधीश उद्योजकाच्या साधेपणावर तू पानभर लिहिलंस. ते स्वस्तातलं कॅसिओ घड्याळ, कागदपत्रं ठेवायला प्लास्टिकची पिशवी, विमानात मागच्या वर्गाची जागा. सगळ्यांना तेवढंच आवडतं, कारण तेवढंच उचलता येतं. घड्याळ बाजूला ठेव आणि त्याने काय केलं ते बघ. 1982 मध्ये दानसंस्था काढली, 1984 मध्ये ड्यूटी फ्री शॉपर्स या कंपनीतला आपला 38.75 टक्के हिस्सा तिच्या हवाली केला, आणि 1997 पर्यंत जगाला पत्ता लागू दिला नाही. इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्यावर याचं नाव नाही. पुढे सुमारे 8 अब्ज डॉलर वाटून झाल्यावर, 2020 मध्ये, संस्थाच बंद करून टाकली. मला भावतं ते हे बंद करणं. पैसा गाठोडं बांधून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवता आला असता; त्याने तो डोळ्यांदेखत कामाला लावला. 2023 मध्ये तो गेला तेव्हा वाटायचं काही शिल्लक नव्हतं.

अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी, त्याचं उदाहरण तू दिलं नाहीस, बहुधा तो तुला आवडत नसावा. मलाही फारसा आवडत नाही. 1892 मध्ये त्याच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातला संप चिरडला गेला, माणसं मेली आणि मालक तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. नंतर कितीही ग्रंथालयं बांधली तरी तो हिशेब पुसला जात नाही. तरीही त्याची एक अट शिकण्यासारखी आहे. त्याच्या पैशातून 2,509 ग्रंथालयं झाली. इमारतीचे पैसे तो देई. पण जागा गावाची, आणि देणगीच्या 10 टक्के इतकी रक्कम दरवर्षी गावाने निगराणीसाठी काढून ठेवायची. म्हणजे दिवाबत्ती, पुस्तकं, ग्रंथपालाचा पगार. ही तयारी नसेल तर इमारत नाही. काही गावांनी नाकारलंही. अट जाचक वाटते ना? मला तेवढंच त्या दानातलं शहाणपण वाटतं. निगराणीची सोय नसलेली भेट म्हणजे दुसऱ्याच्या दारात टाकलेला आपला पसारा.

माणसाला अख्खा डोक्यावर घ्यायचा नसतो. त्याच्यातला चालणारा भाग सोडवून घ्यायचा. बिघडलेल्या यंत्रातून चालती मोटर काढून घेतात तसा.

आता इव्हॉन शुईनार, अमेरिकी गिर्यारोहक आणि उद्योजक. 2022 मध्ये त्याच्या कुटुंबाने पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीची मालकी सोडली, ते सर्वांना ठाऊक आहे. माझं लक्ष त्याच्या फार आधीच्या वर्षांवर. 1957 मध्ये त्याने भंगारातून कोळशाची भट्टी घेतली, शेतातल्या कापणी यंत्राच्या जुन्या पात्यातून पहिले पिटॉन ठोकून काढले. पिटॉन म्हणजे कडा चढताना खडकाच्या भेगेत ठोकायचा खिळा. तोवरचे बहुतेक खिळे मऊ लोखंडाचे, एकदा ठोकले की तिथेच राहायचे. याचे कडक पोलादाचे, काढून पुन्हा वापरता येणारे. पुनर्वापराचा नमुनाच म्हण. आणि झालं काय? एकाच भेगेत शेकडो गिर्यारोहकांनी तेच खिळे ठोकले, उपटले, पुन्हा ठोकले. भेगा रुंदावल्या, खडकाच्या कडा उडाल्या. वस्तू वाचली आणि डोंगर झिजला. तेव्हा हा खिळा त्याच्या धंद्याचा कणा होता, तरी त्याने पाय मागे घेतला. 1972 च्या विक्रीपत्रकात हातोडी न मारता, हाताने बसवायचे ॲल्युमिनियमचे तुकडे पुढे केले.

पुनर्वापर हे आपोआप पुण्य नाही, एवढं यातून घे. कुठे वापरतेस, त्याने काय झिजतं, हे बघणंही तुझ्याकडेच.

तुझी ती नवी कोरी कापडी पिशवी आठवली. जुन्या चार असताना घेतलीस. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2011 मध्ये हिशेब मांडला होता: हवामानावरच्या परिणामापुरतं बोलायचं तर, एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. म्हणजे एकच पिशवी, दाराच्या खुंटीवर, फाटेपर्यंत. खणात घडी घातलेल्या पाच पिशव्यांनी काहीच वाचत नाही.

आता खोकी. पहिल्यात बरण्या. सहा ठेव, बाकीच्या आज काचेच्या भंगारात. सहाच का, असं विचारू नकोस. सातवी लागेल तेव्हा बाजार सातवी देतोच. लेबल नखाने खरवडू नकोस, कागद निघतो आणि गोंद राहतो. बरणीत आधी कोमट, मग गरम पाणी भर (थंड काचेत एकदम उकळतं ओतलंस तर तडकेल, ही काच तेवढ्या धक्क्यासाठी नसते) आणि बाहेरून धुण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव. मग राहिलेल्या चिकट थरावर खायचा सोडा आणि तेल, समसमान, लेप लावून पंधरा मिनिटं. हा गोंद बहुधा पाण्याला दाद देत नाही, तेलाने सुटतो. सोडा नुसता घासायला. शेवटी साबण. तोंड खाली करून नाही, वर करून सुकव, नाहीतर वाफ आतच अडकते.

झाकणाकडे कोणी बघत नाही आणि बरणी फुकट जाते ती झाकणापायी. आतल्या कडेच्या मऊ अस्तरात आंबट-तिखटाचा वास मुरतो, तो धुऊन जात नाही. अशा झाकणाखाली साखर किंवा चहा ठेवू नकोस. खिळे, बटणं, दोरे ठेव. आतला रंग खरचटलेला असेल तर मीठ आणि आंबट अजिबात नको, आठवड्यात गंज धरेल. हवाबंद करून वर्षभर टिकवायच्या पदार्थांना जुनं झाकण चालत नाही, ते एकदा दाबलं गेलं की पुन्हा तसं घट्ट बसत नाही. आणि ज्या बरणीत रसायन होतं तिच्यात खाण्याची वस्तू कधीच नाही, कितीही धुतलीस तरी.

दुसरं खोकं कपड्यांचं. इथे माझा संयम सुटतो, आधीच सांगते. "गरजूंना देणार आहे" असं तू लिहिलंस. कधीपासून? आणि कशा अवस्थेत? गरजू म्हणजे तुझं खोकं रिकामं करून देणारी माणसं नव्हेत.

कपडा धू, आणि पूर्ण सुकव. पूर्ण म्हणजे शिवणी आणि कमरेची पट्टी हाताला कोरडी लागेपर्यंत. एक दमट पॅन्ट बंद पिशवीत गेली की चार दिवसांत बुरशी सगळ्या पिशवीला धरते, आणि पलीकडे कोणीतरी ती अख्खी फेकतं. खिसे उलटे कर. चेन लाव, नाहीतर दाते दुसऱ्या कपड्यात अडकतात. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांध. एकटा बूट म्हणजे कचरा. मापाची चिठ्ठी टाचणीने नाही, दोऱ्याने लाव. तुटलेलं बटण तू लाव. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते तू केलं नाहीस तर बहुतेक कोणीच करणार नाही. जो कपडा तू तुझ्या बहिणीला देणार नाहीस तो देण्याच्या ढिगात नको, चिंध्यांत घाल.

विरलेला गुडघा भोक पडण्याआधी धर. ठिगळ आतून, विरलेल्या भागाच्या चारी बाजूंना दोन सेंटीमीटर जास्त, उभा धागा उभ्याला जुळवून. ठिगळाचं कापड नवं नको. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि भोवतालच्या कापडाला चुण्या पाडतं. शिवाय ते जाड, बाजूचं जुनं कापड पातळ. मग कपडा ठिगळाच्या कडेलाच फाटतो आणि लोक दोष शिवणाऱ्याला देतात. त्याच वयाचं कापड घे. शिवण कडेला एका रेषेत संपवू नकोस, टाके लहानमोठे ठेव म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही.

चिंध्यांपैकी सुती तेवढ्या पुसायला. पॉलिएस्टर पाणी ओढत नाही, नुसतं पसरवतं. लाकडाला जवसाचं तेल लावलेली चिंधी मात्र चुरगळून टाकू नकोस. ते तेल सुकताना तापतं आणि बोळा आपसूक पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळव.

तुझा जुना फोनही याच खोक्यात आहे, म्हणजे कपड्यांच्या खाली. तो आधी काढ. बॅटरी फुगलेली असेल, मागचं झाकण उचललेलं दिसेल, तर चार्ज करू नकोस, दाबू नकोस, टोचू तर मुळीच नकोस. सरळ ई-कचरा घेणाऱ्यांकडे. ठीक असेल तर आधी फोटो उतरवून घे, मग तुझ्या खात्यातून बाहेर पड, मग फोन पुसून कोरा कर, सिम आणि कार्ड काढ. हा क्रम चुकला, खातं तसंच राहिलं, तर फोन घेणाऱ्याला तुझा पासवर्ड मागत बसतो आणि चांगला फोन वीट होऊन जातो. चार्जर सोबत दे. रिकाम्या बॅटरीने वर्षभर पडलेला फोन बहुधा उठत नाही. ठेवायचाच तर निम्मा चार्ज करून ठेव. पण ठेवायचा कशाला? पडून राहिलेला प्रत्येक महिना त्याच्या आयुष्यातून वजा होतो. तो कोणाच्या हातात चालू होईपर्यंत तुझाच आहे, लक्षात ठेव.

तू म्हणशील, एवढा खटाटोप एका बरणीसाठी, एका पॅन्टसाठी? मला आयुष्यभर चिकट म्हणणाऱ्यांनी हेच विचारलं. त्यांचं थोडं बरोबरही असेल. एका बरणीला दोन बादल्या पाणी घालवणं हा मूर्खपणाच, आणि माझ्याकडून तो झालेला आहे. "कधीतरी लागेल" या दोन शब्दांनी माझी जितकी जागा खाल्ली तितकी कशानेच खाल्ली नाही, आणि त्यातलं निम्मं शेवटी कोणाच्याच उपयोगी पडलं नाही, हेही खरं. पण म्हणूनच तर तुझ्यावर डाफरते आहे. राखून ठेवणं मला फार लवकर जमलं. सोडणं उशिरा जमलं, आणि नीट करून सोडणं त्याहून उशिरा. फीनीची गोष्ट वाचून तुला लाज वाटली. मला वाटली ती त्याच्या पैशाने नाही, त्याच्या तारखांनी.

तिसऱ्या खोक्यात काय आहे ते तू लिहिलंच नाहीस. न उघडता सांगता येत नसेल तर आधी तेच उघड. घड्याळ, रिमोट, विजेरी असं काही निघालं तर आतले सेल ताबडतोब काढ. पांढरी पूड जमलेली दिसली तर हातमोजे घाल, कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून पुस. ती पूड अल्कलीची असते, आंबटाने मरते. मग कोऱ्या काडीने पाणी, मग एक दिवस कोरडं होऊ दे, आणि मग नवा सेल घालून बघ. काटा हलला तर कोणाच्या भिंतीवर जाणार ते त्याच दिवशी ठरव आणि मला कळव.