बंद पडलेल्या तेलविहिरीच्या गरम पाण्यावर वीज बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की बडोद्याजवळच्या पादरा भागात तुमच्या शेताच्या कडेला एक बंद तेलविहीर आहे, खाली पाणी उकळतं असं ऐकलंय, तर त्यावर गावापुरती वीज बनेल का. बनेल, पण फारच थोडी. मी बडोद्यात एका प्रयोगशाळेत तेलविहिरींचं पाणी तपासण्यात वीसेक वर्षं घालवली, त्यामुळे उत्तर पाण्याकडेच वळणार.

आधी हिशेब. जमिनीत किलोमीटरभर खाली गेलं की तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढतं. आपल्या खंभात खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी 35 च्याही वर. म्हणजे दोन किलोमीटरवर 100 अंशांच्या आसपास. समजा सेकंदाला 5 लिटर पाणी वर आलं आणि उष्णता काढून घेत ते 60 अंशांपर्यंत निववलं, तर सुमारे 840 किलोवॉट उष्णता हाती येते. ऐकायला झकास. पण एवढ्याशा तापमानावर नेहमीचं वाफेचं टर्बाइन परवडत नाही. पेंटेनसारखा लवकर उकळणारा द्रव फिरवावा लागतो, आणि त्यातून दहा टक्के वीज निघाली तरी नशीब. सात-आठ टक्के धरले तर उरले 60-70 किलोवॉट, त्यातून पुन्हा पंपांचा खर्च वजा.

अलास्कात चेना इथे 2006 पासून 74 अंशांच्या पाण्यावर वीज बनते, हे उदाहरण तुम्हाला कोणीतरी देईलच. तिथे यंत्र थंड करायला चार-पाच अंशांचं पाणी मिळतं. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं! अमेरिकेच्याच वायोमिंगमधल्या टीपॉट डोम तेलक्षेत्रात 2008 साली तेलाबरोबर येणाऱ्या गरम पाण्यावर 250 किलोवॉटचं यंत्र बसवलं होतं, पण ते अख्ख्या क्षेत्राच्या पाण्यावर, एका विहिरीच्या नव्हे.

आता पाणी. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. आई तो बाहेरून चिंचेने लख्ख घासायची आणि आत मात्र क्षारांचा जाड पांढरा थर. विहिरीतही थर बसतो, फक्त कारणं वेगळी. खोलवर दाबाखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. वर येताना दाब उतरला की सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट नळीला आतून धरायला लागतं. सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, पाणी निवल्यावर बाहेर पडते, म्हणजे नेमकी पाण्यातली उष्णता काढून घेणाऱ्या हीट एक्स्चेंजरमध्ये, जिथे तुम्हाला ती अजिबात नको असते.

आमच्या टेबलावर कापलेल्या नळीचा एक तुकडा पेपरवेट म्हणून असायचा; मधे करंगळी जाईल एवढंच भोक उरलेलं. नवीन मुलगा आला की त्याला त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायला लावायचो. फेस आला तर कार्बोनेट, म्हणजे आम्लाने धुऊन निघेल. हा तुकडा ढिम्म. हातात घेतला की जड. ते बेरियम सल्फेट. खडकातल्या पाण्यात बेरियम होतं, तेल ढकलायला वरून सोडलेल्या पाण्यात सल्फेट. दोघांची गाठ नळीत पडली. ते आम्लाला दाद देत नाही, बहुतेकदा खरवडूनच काढावं लागतं, आणि त्यात कधीकधी रेडियमही अडकलेलं असतं, त्यामुळे खरवडलेला कचरा कुठेही फेकता येत नाही.

नमुना घेतानाही माणूस फसतो. पहिल्याच वर्षी मी गोध्र्याजवळच्या टुव्याच्या गरम झऱ्याचं पाणी बाटलीत भरून तसंच आणलं. सिलिका अपेक्षेपेक्षा बरीच कमी आली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'जागेवर डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ केलं होतंस का?' केलं नव्हतं. गार होता होता सिलिकाचे रेणू एकमेकांना चिकटले होते आणि आमच्या पद्धतीत मोजलेच गेले नाहीत. हा आकडा चुकवून चालत नाही, कारण झऱ्याचं पाणी खाली किती तापलं होतं ते त्यावरून काढतात. क्वार्ट्झशी समतोल धरला, म्हणजे खालच्या क्वार्ट्झमधून विरघळेल तेवढी सिलिका पाण्यात उतरली होती असं मानलं, तर लिटरमागे 100 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 137 अंश. तेलविहिरीत ही कसरत नको, तिथे तापमान तळाशी उपकरण सोडून मोजतात.

माझं मत विचाराल तर विजेचा नाद सोडा, उष्णता थेट वापरा. दूध पाश्चराइज करायला 72 अंश आणि 15 सेकंद पुरतात. 85-90 अंशांच्या पाण्यावर लिथियम ब्रोमाइडचं चिलर, म्हणजे उष्णतेवर गारवा बनवणारं यंत्र, चालतं, भाजीपाल्याची थंड खोली होते. मिरची-हळद वाळवणं तर त्याहून सोपं. 840 किलोवॉटचं खरं मोल इथे आहे. वापरलेलं खारं पाणी मात्र शेतात सोडायचं नाही, पुन्हा खालीच घालायचं, म्हणजे दुसरी विहीर आली. विहिरीत बंद नळी सोडून आपलंच स्वच्छ पाणी फिरवलं तर क्षारांची कटकट बहुतेक मिटते, पण उष्णताही बरीच कमी मिळते, कारण खडक ती हळूहळूच सोडतो.

आणि शेत तुमचं असलं तरी विहीर तुमची नाही. ज्या कंपनीकडे ती आहे तिच्याकडे तळाचं तापमान, केसिंगची (विहिरीच्या भिंतीला बसवलेल्या पोलादी नळीची) अवस्था आणि पाण्याचा जुना रिपोर्ट मागा. कुतूहलापोटी तोंडाशी खटपट करू नका. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असला तर आधी सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वाटतं, गेला वास.