वाचकांचे प्रश्न : वर्गात दाखवायला स्पेक्ट्रोस्कोप

प्रश्न : अकरावीला भौतिकशास्त्रात एखाद्या उपकरणावर दहा मिनिटं बोलायचंय. मोटर आणि पेरिस्कोप आधीच वाटले गेलेत. स्वतः बनवता येईल, चालवून दाखवता येईल आणि खर्च दोनशे रुपयांच्या आत बसेल असं काय घेऊ? – विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : स्पेक्ट्रोस्कोप घे. उजेडाचे रंग सुटे करून दाखवणारं हे उपकरण बुटांच्या खोक्यात बसतं. एका वेळी एकानेच डोळा लावायचा आणि बाकीच्यांनी ताटकळायचं, ही त्याची अडचण मोबाइलने सुटते. कॅमेऱ्यात दिसेल ते सगळं प्रोजेक्टरवर.

एक कोरी डीव्हीडी-आर घे. जाड कात्रीने, घाई न करता, बाहेरच्या कडेजवळून दोन सेंटीमीटरचा चौकोन काप. बाहेरच्या कडेचाच घ्यायचा, कारण तिथल्या चरांना (बारीक गोल खाचांना) बाक कमी असतो. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींवर चिकटवलेल्या. कापताना त्या बहुधा आपोआप सुटतात. नाहीच सुटल्या तर कडेत कटरचं पातं घाल. चंदेरी थर एकीवर राहतो. आपल्याला दुसरी, जांभळट पारदर्शक चकती हवी. सर्जिकल स्पिरिटने तिचा रंग पुसून टाक. नेलपॉलिश काढायचं द्रावण लावू नकोस, प्लास्टिक पांढरं पडतं. या तुकड्यावर दर ०.७४ मायक्रोमीटरला एक चर आहे, म्हणजे मिलिमीटरला साधारण १,३५०. हेच तुझं ग्रेटिंग, म्हणजे उजेडाचे रंग सुटे करणारी चरांची पट्टी.

खोक्याला आतून काळा कागद लाव. एका टोकाला खिडकी पाडून तिच्यावर दाढीच्या पात्याचे दोन तुकडे उभे, समोरासमोर चिकटव. मधली फट ०.२ मिलिमीटर. साधा झेरॉक्सचा कागद एकदाच दुमडून दोन्ही पात्यांच्या मध्ये धरून पाती चिकटवली की नेमकं तेवढंच अंतर राहतं. खोक्याचं दुसरं टोक ४५ अंशांत तिरकं काप, त्यावर पुठ्ठा बसव, खिडकी पाड आणि आतून ग्रेटिंग लाव. चर फटीला समांतर हवेत. मोबाइल बाहेरून त्या तिरक्या तोंडाला सपाट टेकवायचा. आता कॅमेरा फटीकडे नाही, बाजूच्या काळ्या भिंतीकडे बघतोय, आणि वर्णपट त्या भिंतीवरच उमटलेला दिसतो. ४५ अंशच का, हे फळ्यावर एका ओळीत सांगता येतं : ०.७४ मायक्रोमीटर गुणिले साइन ४५ म्हणजे सुमारे ५२३ नॅनोमीटर तरंगलांबी. हिरवा रंग बरोबर मध्ये, निळा आणि लाल दोन बाजूंना.

आधी जुना पिवळा बल्ब दाखव : सलग पट्टा. मग सीएफएल : काळ्यावर सुट्या रंगीत रेघा. वर्ग इथेच जागा होतो. त्यानंतर आकडे काढून दाखव. सीएफएलची निळी रेघ पाऱ्याची, ४३६ नॅनोमीटर. ठळक तांबडी ६११ च्या आसपास. समजा फोटोत या रेघा ४१२ आणि १,११२ व्या पिक्सेलवर आल्या. ७०० पिक्सेलमध्ये १७५ नॅनोमीटर, म्हणजे पिक्सेलला पाव. मग ८५२ वरची हिरवी रेघ ५४६ नॅनोमीटरची, आणि पाऱ्याची हिरवी रेघ असते तीही तिथेच. आमच्या मते साऱ्या सादरीकरणाचा जीव या हिशोबात आहे. त्याला तीन मिनिटं राखून ठेव.

फट सूर्यावर कधीही रोखायची नाही. उन्हातल्या पांढऱ्या कागदावर रोखली तरी काम भागतं.

प्रश्न : असाच खोका मुलांकडून करून घेतला. वर्गातल्या ट्यूबलाइटवर धरला तर रेघा दिसतच नाहीत, नुसतं इंद्रधनुष्य. काय चुकलं? – शिक्षक, लातूर

उत्तर : खोक्यात दोष शोधण्याआधी ट्यूब एलईडीची आहे का ते बघा. पांढऱ्या एलईडीला सुट्या रेघा नसतातच : ४५० नॅनोमीटरजवळ निळा उंचवटा, नंतर खळगा आणि पुढे पसरट हिरवा-पिवळा-लाल. उपकरण खरं तेच दाखवतंय. सीएफएलवरही रेघा जाड दिसल्या तर फट रुंद आहे. रंग पांढरट पडत असतील तर एक्स्पोजर कमी करून लॉक करा. मोबाइल काळोख बघून आपणहून उजेड वाढवतो. काहीच दिसत नसेल तर ग्रेटिंग ९० अंशांत फिरवून बघा.

प्रश्न : हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, हे भाषणात सांगावं का? – विद्यार्थी, देवगड

उत्तर : त्या शब्दांत सांगू नये. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूरहून स्पेक्ट्रोस्कोपने पाहिलं. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांना सूर्याच्या कडेच्या उजेडातली पिवळी रेघ, म्हणजे हेलियमची खूण, त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून दिसली. ते विजयदुर्गावर आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर, १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडलाही होता. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' (त्या ग्रहणाच्या निरीक्षणासाठीचे चौथरे) भाषणात जरूर आणा, पण १८९८ सालासह. रेघेचं मापही सांगा : हेलियमची ५८७.६ नॅनोमीटर, तिच्या अगदी शेजारची सोडियमची पिवळी जोडी ५८९.० आणि ५८९.६. वरच्या खोक्याच्या हिशोबात हेलियम आणि सोडियम यांच्यात जेमतेम सहा पिक्सेल उरतात.