रेग्युलेटर बदलायच्या आधी सिलिंडर काट्यावर ठेवा

अ‍ॅसिटिलीन गॅसवर वेल्डिंग करताना ज्योत मध्येच पिवळी पडून फडफडते, वेल्डिंग टॉर्चच्या तोंडातून थेंब उडतात, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, तर नवा रेग्युलेटर घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. वाचून माझं जुनं दुखणं वर आलं. सध्या काम थांबवा आणि व्हॉल्व्ह बंद करा. तुमच्या नळीत उतरलेला तो अ‍ॅसिटोन आहे.

गळती तपासायचं साबणाचं पाणी, जोडणीच्या डाव्या आट्या, ज्योत नळीत उलटी शिरू न देणारा फ्लॅशबॅक अरेस्टर हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. डीए सिलिंडर (डिझॉल्व्ह्ड, म्हणजे विरघळवलेल्या अ‍ॅसिटिलीनचा) आतून पोकळ नसतो, हे मात्र बरेच जण विसरतात. आत सच्छिद्र भरण असतं, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेला आणि त्या अ‍ॅसिटोनमध्ये गॅस विरघळलेला. अ‍ॅसिटिलीनला फुटायला ऑक्सिजन लागत नाही, दाबाखाली मोकळा सापडला की स्वतःच विघटन पावतो. अ‍ॅसिटोन कमी झालेला सिलिंडर तसाच पुन्हा भरला, तर तेवढाच गॅस जास्त दाबाने आत बसतो. तुमचे ते थेंब म्हणूनच मला खटकले.

आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा पुरवठादाराच्या डेपोचं एकच पालुपद: ‘तुमचा रेग्युलेटर खराब.’ एक बदलला, दुसरा बदलला. दोन्हींची रबरी सील फुगून बसलेली, नळीचं आतलं अस्तरही मऊ पडलेलं. त्यांची गाडी मात्र सिलिंडर एकावर एक आडवे टाकून आणायची आणि फाटकाशी आले की उभे करायची. सिलिंडर आडवा पडला की आतला अ‍ॅसिटोन व्हॉल्व्हकडे सरकतो आणि गॅससोबत बाहेर येतो. वजन करा म्हटलं तर काउंटरवरचा माणूस म्हणतो, ‘आम्ही गॅस विकतो, वजन नाही.’ लेखी तक्रार दिली, पोच दिली नाही. शेवटी भंगारवाल्याचा काटा आणला. रिकामा सिलिंडर व्हॉल्व्ह बंद करून ठेवला, तर मानेवर ठोकलेल्या टेअर वजनापेक्षा (म्हणजे गॅस नसतानाच्या सिलिंडरच्या वजनापेक्षा) बराच हलका भरला. टेअरमध्ये अ‍ॅसिटोन धरलेला असतो, म्हणजे घट कशाची ते उघड होतं. काट्याचा फोटो दाखवल्यावर सिलिंडर मुकाट्याने बदलून मिळाले. रेग्युलेटरचे पैसे गेले ते गेलेच.

तेव्हा गाडी येईल तेव्हा स्वतः उभे राहा. आडवा आलेला सिलिंडर घेऊच नका, हे माझं मत. काही जण कटकट वाढवतो म्हणतील. घ्यावाच लागला तर जितका वेळ आडवा होता, निदान तितका वेळ उभा ठेवून मग वापरा. किती वेळ ते कळत नसेल तर मी रात्रभर हात लावत नाही.

दोष तुमच्या बाजूलाही असू शकतो. मोठं हीटिंग नोझल लावून एकाच सिलिंडरमधून गॅस ओढला की अ‍ॅसिटोन सोबत येतोच. थांबत थांबत काम असेल तर तासाला सिलिंडरच्या क्षमतेच्या दहाव्या भागापर्यंतच गॅस ओढा, सलग असेल तर पंधराव्या. म्हणजे 6 घनमीटरच्या सिलिंडरमधून ताशी 600 किंवा 400 लिटर. जास्त हवा असेल तर योग्य मॅनिफोल्डवर (अनेक सिलिंडर एकत्र जोडायच्या नळीवर) दोन-तीन सिलिंडर जोडा. ज्योत मरगळली म्हणून दाब वाढवत बसणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. रेग्युलेटरच्या दाबाची सुई 15 पीएसआयच्या पुढे नेऊ नका, डायलवरचा लाल पट्टा शोभेचा नाही.

जाता जाता, नळी जोडायला तांब्याचा तुकडा वापरू नका. तांब्यावर अ‍ॅसिटिलाइड बसतं आणि ते सुकल्यावर नुसत्या धक्क्यानेही उडू शकतं. आणि बंद गाडीच्या डिकीत सिलिंडर नेऊ नका, अगदी ‘पाच मिनिटांचाच रस्ता’ असला तरी. हवेत अडीच टक्के गॅस झाला की ठिणगी पुरते.

मी वेल्डर आहे, सुरक्षा अधिकारी नाही. सिलिंडरचं अंग गरम लागत असेल तर माझं काय, कुणाचंच उत्तर वाचत बसू नका. हलवू नका, सगळ्यांना लांब काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

तुमचा सिलिंडर किती घनमीटरचा आणि नोझलवर नंबर काय आहे ते लिहा. दोष गाडीचा की नोझलचा, ते त्यावरून सांगता येईल.