'हो, आत्ता' म्हणजे 'नाही'

तुमची युक्रेनियन सहकारी 'स्त्राशेन्नो रादा' म्हणाली, शब्दकोशात 'भयंकर आनंद' निघाला, आणि हा टोमणा आहे का असं तुम्ही विचारलंय. नाही, तिला खरंच खूप आनंद झालाय. 'स्त्राख' म्हणजे भीती, पण 'स्त्राशेन्नो'तली भीती केव्हाच विरलीय, जशी इंग्रजी 'ऑफुली'तली आणि आपल्या 'भयंकर आवडलं'मधली. याची काळजी सोडा.

मला महागात पडला तो प्रकार वेगळा. (मी भाषातज्ज्ञ नाही, युक्रेनमधल्या विनित्सा शहरात सहा वर्षं मेडिकल केलं, तेवढ्यावरून सांगते.) राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवायची होती आणि शेवटचा दिवस होता. कार्यालयाचं नाव घेत नाही. खिडकीतल्या बाईंना विचारलं, आज होईल का? कागदावरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, 'अहा, झाराझ!' शब्दशः 'हो, आत्ता'. मी फाइल मांडीवर घेऊन बाकावर बसले. तासाभराने खिडकी बंद झाली. त्या सुरात म्हटलं की अर्थ होतो 'अजिबात नाही', आपण 'हो, लगेच देते बघ!' म्हणतो तसा. दंड भरला, वर पंधरा दिवस चकरा. दंडाचं सोडा, परकी पोरगी समोर ताटकळतेय हे दिसत असताना साधं 'नाही' म्हणता येऊ नये, याचा राग अजून जात नाही. घरात, मैत्रिणींत खुशाल असं बोलावं. सरकारी खिडकीत बसून बोलू नये.

तेव्हापासून कुणी 'हो' म्हटलं की मी लगेच 'किती वाजता?' विचारते. वेळ सांगितली तरच तो होकार धरते.

युक्रेनियन 'ता नी' ऐकाल तेव्हा रशियन 'दा' (म्हणजे 'हो') डोक्यातून काढा. ते 'हो-नाही' नव्हे. तो 'ता' आपल्या 'अहो नाही हो'मधल्या 'अहो'सारखा, नकार मऊ करणारा. पण वॉर्डातल्या एक आजी, दुखतंय का विचारलं की 'ता नी' म्हणायच्या आणि पोटावरचा हात काही उचलायच्या नाहीत. मी तपासायचेच.

इंग्रजीतलं 'येअ, नो' त्यामानाने सोपं. पहिला शब्द म्हणजे 'ऐकलं तुझं', उत्तर दुसऱ्यात. निदान बहुतेक वेळा.

तुमच्या सहकारीचे मेसेज असतील तर मात्र माझ्या अंदाजावर जाऊ नका, लिहिलेल्यात सूर कळत नाही. सरळ फोन करा.